आयसी दिसायला कसे असतात? पायापासून मार्किंगपर्यंत रिव्ह्यू, स्टारसकट

चिपचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात, कुठली किती फास्ट, कुठली किती तापते, कुठली बॅटरी किती खाते, पण दिसायला कशी आहे यावर कोणी दोन ओळी खरडत नाही. काळा चौकोन, त्याला पाय, संपलं. अहो पण कधी भिंगाखाली धरून बघितलाय का एखादा आयसी, म्हणजे इंटिग्रेटेड सर्किट, तीच आपली चिप? मी जुने बोर्ड उघडून आयसी काढून डबीत साठवणाऱ्या जमातीतला आहे, सोल्डरिंगचा नाद आहे, आणि माझं ठाम मत आहे की या वस्तूच्या लूकचा वेगळा रिव्ह्यू झालाच पाहिजे. तर हा घ्या. स्टार देताना निकष एकच ठेवलाय, नुसतं बघून तो आयसी आपल्याला स्वतःबद्दल किती सांगतो. चकाचक दिसत असेल तर चांगलंच, पण ते बोनस मार्क.

सुरुवात अर्थात डीआयपीपासून, म्हणजे ड्युअल इन-लाइन, दोन बाजूंना पायांच्या रांगा, उताणा पडला की उलटी पडलेली गोम वाटते तो. फेअरचाइल्ड या चिप कंपनीमध्ये डॉन फोर्ब्स, रेक्स राइस आणि ब्रायंट रॉजर्स यांनी १९६४ मध्ये हा आकार काढला आणि तो असा काही बसला की आजही चिपचं चित्र काढा म्हटलं की लहान पोरगंसुद्धा हाच काढतं. दोन पायांत अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर इंचाचा दहावा भाग, आणि दोन रांगांमध्ये लहान आयसीला ७.६२ आणि मोठ्याला १५.२४. ब्रेडबोर्डची, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीची भोकं याच मापाची, त्यामुळे पट्टी न लावता नुसत्या नजरेने कळतं की हा बसणार की नाही.

आता १४ पायांचा साधा ७४ सिरीजचा, म्हणजे लॉजिक गेटच्या नेहमीच्या फॅमिलीतला प्लास्टिकवाला आयसी हातात घ्या. बॉडी साधारण १९ मिलिमीटर लांब, सव्वासहा रुंद. बाजूने बघितलं की दिसेल की बॉडी सरळ ठोकळा नसून वर आणि खाली दोन्हीकडे थोडी निमुळती होत जाते, मधोमध बारीक रेघ आहे आणि पाय त्या रेघेतूनच बाहेर येतात. साच्याचे दोन अर्धे तिथे मिळतात आणि माल साच्यातून अलगद सुटावा म्हणून तो उतार. मग अरुंद बाजू बघा, जिथे पाय नाहीत तिथे, प्लास्टिकमध्ये एक चकाकणारा धातूचा ठिपका दिसेल, कापल्यासारखा. तो कापलेलाच असतो! सगळे पाय सुरुवातीला एकाच पत्र्याच्या चौकटीत असतात, लीडफ्रेम म्हणतात तिला, मधल्या, चिप बसते त्या चबुतऱ्याला धरून ठेवणारी पट्टी तिथून बाहेर गेलेली असते आणि शेवटी ती छाटतात. पायांच्या रुंद खांद्यांवर, दोन पायांच्या मधल्या बाजूला, भिंगातून बघितलं तर अजून बारीक खुंट दिसतात, प्लास्टिक ओतताना ते पायांमधून वाहून जाऊ नये म्हणून जी आडवी पट्टी होती तिचे ते अवशेष. आणि ते रुंद खांदेसुद्धा शोभेला नाहीत, त्यांच्यामुळेच आयसी बोर्डात ठराविक खोलीपर्यंत जातो आणि पोटाखाली थोडी फट राहते. एवढ्याशा वस्तूवर ती कशी बनली हे सगळं उघड दिसतंय, आणि लोक म्हणतात काळा चौकोन.

नव्या आयसीचे पाय मात्र कायम थोडे बाहेर फाकलेले असतात. मशीनला पकडायला आणि बोर्डात अडकून राहायला ते बरं पडतं, पण हाताने लावणाऱ्याला एक रांग टेबलावर दाबून आत वळवावी लागते, मग दुसरी. दरवेळी. अर्धा स्टार इथे गेला.

एक नंबरचा पाय ओळखणं हा दिसण्याचा सर्वात कामाचा भाग. एका टोकाला अर्धगोल खाच असते किंवा कोपऱ्यात ठिपका, खाच वर धरली की डावीकडचा पहिला पाय एक नंबर आणि तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं. अक्षरं सरळ वाचता येतील असा आडवा धरला तर खाच डावीकडे आणि एक नंबर खाली डाव्या कोपऱ्यात. बहुतेक ७४ सिरीजमध्ये पॉवर १४ नंबरला आणि ग्राउंड ७ नंबरला, म्हणजे बरोब्बर तिरक्या कोपऱ्यांत, त्यामुळे आयसी उलटा खोचला तर प्लस आणि मायनसची अदलाबदल होते आणि बोटाला चटका बसल्यावरच कळतं. म्हणून ती खाच. आणि हो, फसवणूकही आहे बरं का, साच्यातून आयसी ढकलून काढणाऱ्या पिनांचे गोल खड्डेसुद्धा बॉडीवर उमटतात आणि कधीकधी तेच एक नंबरच्या ठिपक्यापेक्षा मोठे आणि ठसठशीत असतात. खाच आणि खड्डा दोन्ही असतील तर खाचेवर विश्वास ठेवा.

काळा रंगच का, हा प्रश्न नवीन लोक हमखास विचारतात. बॉडी म्हणजे इपॉक्सी, आणि खरं तर त्यात वजनाने सर्वात जास्त भाग बारीक सिलिका पावडरचा असतो, कारण नुसतं इपॉक्सी तापल्यावर सिलिकॉनपेक्षा खूप जास्त फुगतं आणि आतल्या केसासारख्या तारा तोडून टाकेल. त्यात थोडी काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक मिसळलेली असते आणि तिची कामं दोन. एक म्हणजे उजेड आत जाऊ द्यायचा नाही, कारण सिलिकॉनवर प्रकाश पडला की त्यात करंट तयार होतो, सोलर सेल चालतो तोच प्रकार, आणि चिपमध्ये तो नको तिथे तयार झाला तर गोंधळ. दुसरं म्हणजे लेझरने जाळून लिहिलं की तेवढा भाग फिका पडतो आणि अक्षर दिसतं. म्हणजे काळा हा रंग फॅशनसाठी निवडलेला नाही, पण दिसतो मात्र रुबाबदार.

अक्षरांवर येऊ, कारण माझं निम्मं प्रेम तिथेच आहे. समजा वर लिहिलंय एसएन७४एचसी००एन. एसएन म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं नेहमीचं सुरुवातीचं अक्षर, ७४ म्हणजे फॅमिली, एचसी म्हणजे आतली टेक्नॉलॉजी, ०० म्हणजे दोन इनपुटची चार नँड गेट (गेट म्हणजे हो-नाहीचा निर्णय करणारं छोटं सर्किट), आणि शेवटचा एन म्हणजे प्लास्टिक डीआयपी. तोच आयसी छोट्या एसएमडी बॉडीत, म्हणजे भोकात न जाता बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या बॉडीत आला तर शेवटी डी. म्हणजे नावातच त्याचा आकार लिहिलेला आहे, अजून काय पाहिजे. त्याखाली चार आकडे असतात ते वर्ष आणि आठवडा, ८७३२ म्हणजे १९८७ चा बत्तिसावा आठवडा. इथे एक जुना गमतीदार लोचा आहे, ७४०० नंबरचा आयसी जर १९७४ च्या ऑगस्टमध्ये बनला असेल तर त्यावर एका ओळीत ७४०० आणि दुसऱ्या ओळीत ७४३२, आणि ७४३२ हा स्वतः एक आयसी आहे, ऑर गेटचा! १९७४ च्या आयसीवर असे बरेच तारखांचे कोड खऱ्या नंबरांसारखे दिसतात, त्यामुळे कंपनीची अक्षरं कुठल्या ओळीला चिकटलीत ते बघायचं.

जुन्या आयसीवर पांढऱ्या किंवा पिवळट शाईने छापलेलं असायचं, ते लांबूनसुद्धा वाचता येतं पण सॉल्व्हंटने किंवा नुसतं बोट घासून घासून उडतं. नवं लेझर मार्किंग उडत नाही पण दिसतही नाही, करड्यावर करडं. त्यावर उपाय म्हणजे टॉर्च अगदी आडवी धरायची, किंवा खडू घासून बोटाने वरवर पुसायचं म्हणजे पावडर अक्षरांच्या खोलगट भागात राहते, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडायचा आणि तो उडून जाईपर्यंत वाचून घ्यायचं. मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढला तर डोळ्यापेक्षा बरं दिसतं. एवढी कसरत करावी लागणं हे काही चांगल्या डिझाइनचं लक्षण नाही, पण डीआयपीला मी तरी साडेचार स्टार देतो.

पायांची चकाकी पण वय सांगते. आधी कथील-शिशाचा मुलामा असायचा तो चकचकीत, मग युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आले आणि बहुतेकांनी शुद्ध कथिलाचा मॅट फिनिश सुरू केला, तो दुधाळ करडा दिसतो. काही ठिकाणी गोलात ई३ असं छापलेलं असतं, ते कथिलासाठी, आणि ई४ म्हणजे निकेल-पॅलेडियम-सोन्यासारखा मौल्यवान धातूचा मुलामा. लोहचुंबक लावून बघा, काही आयसीचे पाय चिकटतात, कारण ते तांब्याऐवजी लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचे असतात.

सोव्हिएत आयसी मिळाले तर नक्की बघा, दिसायला अगदी आपलेच डीआयपी पण पायांतलं अंतर २.५ मिलिमीटर. ०.०४ चा फरक, त्यात काय एवढं? छोट्या आयसीला खरंच काही नाही. पण ४० पायांच्या केआर५८०व्हीएम८०ए मध्ये, जो इंटेल ८०८० प्रोसेसरची नक्कल होता, एका रांगेत १९ गॅप आहेत, म्हणजे शेवटच्या पायापर्यंत पाऊण मिलिमीटरचा फरक साठतो आणि इंचाच्या सॉकेटमध्ये तो बसवताना पायांना ओढाताण करून न्यावं लागतं. नुसतं शेजारी ठेवून बघितलं तरी पाय हळूहळू सरकत गेलेले दिसतात. मला हे बघायला जाम आवडतं. आणि लांबीचाच विषय निघालाय तर मोटोरोला ६८००० प्रोसेसरचा ६४ पायांचा डीआयपी बघाच कधीतरी, ८१ मिलिमीटर लांब, एवढं धूड सॉकेटमधून न मोडता काढणं हे वेगळंच कौशल्य.

आता देखणेपणाचे मानकरी, सिरॅमिकवाले. यात दोन जाती आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक सर्डिप, करड्या-तपकिरी सिरॅमिकचे दोन ठोकळे आणि मध्ये वितळवून चिकटवलेली काच, बाजूने बघितलं की काचेचा तो ओघळलेला थर स्पष्ट दिसतो आणि पाय त्यातूनच बाहेर. मजबूत, गंभीर, जरा रुक्ष. दुसरी जात साइड-ब्रेझ्ड, पांढरं ॲल्युमिना, मधोमध सोनेरी झाकण, आणि पाय बाजूला वेगळे जोडलेले, तेही सोनेरी. इंटेलचा १९७१ चा ४००४ प्रोसेसर याच पांढऱ्या-सोनेरी पोशाखात आला, १६ पाय, आणि सुरुवातीच्या सी४००४ वर तर पांढऱ्या सिरॅमिकमधून आतल्या वायरिंगच्या करड्या रेघा दिसतात, झाकणापासून प्रत्येक पायाकडे धावणाऱ्या. संग्रह करणारे त्या करड्या रेघांसाठी वेडे होतात आणि ते अगदी बरोबर आहे. कारण आतल्या जोडण्या बाहेरून दाखवणारा आयसी दुसरा कुठला आहे? पाच स्टार, मागेपुढे न बघता.

पांढरा हा ॲल्युमिनाचा मूळ रंग, आणि नंतरच्या जांभळट-करड्या प्रोसेसरांमध्ये इतर धातूंचे ऑक्साइड मिसळून ते गडद केलेलं असतं. इंटेलच्या ४८६ प्रोसेसरचा तो १६८ पिनांचा चौकोन उलटा करून बघा, सोनेरी पिनांचं शेतच. (आणि म्हणूनच बिचारे सोनं गाळणाऱ्यांच्या तावडीत सापडतात, ॲसिडमध्ये जातात. चीड येते.)

धातूच्या डबीतले आयसी आज फारसे दिसत नाहीत. ७४१ ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नल मोठा करणारा आयसी, जो १९६८ मध्ये आला, तो गोल डबीत आठ सोनेरी पायांसह मिळायचा आणि डबीच्या काठाला एक छोटं पातं बाहेर आलेलं असतं, ते आठ नंबरच्या पायावर. प्रत्येक पाय काचेच्या मण्यातून बाहेर येतो, उलटा करून भिंगाने बघितलं की तो हिरवट काचेचा गोल दिसतो. सुंदर, पण पातं आठ नंबरला का ठेवलं, एक नंबरला ठेवलं असतं तर काय बिघडत होतं, म्हणून चार.

फ्लॅटपॅक हा माझा लाडका आणि कमी लोकांना माहीत असलेला प्रकार. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये युंग ताओने १९६२ मध्ये काढला, म्हणजे डीआयपीच्याही आधी, चपटा, छोटा, आणि पाय सरळ आडवे पसरलेले, खाली न वळलेले. अपोलोच्या चांद्रयानातल्या गायडन्स कॉम्प्युटरच्या दुसऱ्या आवृत्तीत असे सुमारे २८०० आयसी होते आणि बहुतेक सगळे एकाच जातीचे, तीन इनपुटची दोन नॉर गेट आत. त्याचे फोटो बघितले की ओळीने लावलेल्या त्या चपट्या डब्यांकडे बघतच बसावं वाटतं. एवढं मोठं काम आणि एकाच चेहऱ्याचे आयसी.

एसएमडी. इथून माझा मूड जरा बिघडतो. एसओआयसीपर्यंत ठीक, १.२७ मिलिमीटर अंतर, म्हणजे डीआयपीच्या निम्मं, पाय बाहेर वळून बोर्डावर टेकलेले, ठिपका असतो किंवा एक नंबरच्या बाजूची कड तिरकी कापलेली असते, जी लक्षात यायला उजेड योग्य लागतो. पीएलसीसी दिसायला गोंडस, चौकोनी, पाय पोटाखाली जे अक्षरासारखे वळलेले, एक कोपरा छाटलेला, पण एक नंबरचा पाय कोपऱ्यात नसून एका बाजूच्या मधोमध! ज्याने ठरवलं त्याला नमस्कार. क्यूएफपी, चारही बाजूंना पाय, अंतर ०.५ किंवा ०.४, हा खरं तर एसएमडीतला सर्वात देखणा, नवा कोरा असताना पायांच्या त्या चार रांगा अशा सरळ असतात की फोटो काढावा. मात्र एकदा हातातून पडला की संपलं, एक पाय वाकला की सगळा चेहरा बिघडतो आणि चिमट्याने कितीही सरळ केला तरी तो वाकलेला होता हे दिसतंच. शिवाय काही चिपवर दोन किंवा तीन कोपऱ्यांत गोल खड्डे असतात आणि त्यातला एकच खरा. साडेतीन.

क्यूएफएनला पायच नाहीत, खाली तांब्याचे पॅड आणि मधे एक मोठा पॅड उष्णता काढायला. कडेला करवतीने कापलेल्या तांब्याच्या बारीक कडा दिसतात, आणि त्या कापलेल्या कडेवर मुलामा नसल्यामुळे सोल्डर तिथे चढेलच असं नाही, म्हणजे जोड नीट बसलाय का हे डोळ्याने कळत नाही. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी मुद्दाम कडेला खाच देऊन मुलामा केलेली आवृत्ती निघाली ती याच कारणाने, तपासणाऱ्या कॅमेऱ्याला जोड दिसावा म्हणून. दोन स्टार.

बीजीए वरून बघितला तर काळी फरशी. सगळी मजा खाली, सोल्डरच्या गोळ्यांची जाळी, आणि ती एकदा बोर्डावर बसली की एक्स-रेशिवाय कोणाला दिसणार नाही. वर एका कोपऱ्यात ठिपका किंवा छोटा सोनेरी त्रिकोण, ते ए१, म्हणजे पहिल्या गोळीचा कोपरा. गोळ्यांच्या रांगांना अक्षरं असतात, ए, बी, सी, पण आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं वगळलेली असतात कारण ती आकड्यांशी किंवा एकमेकांशी गल्लत करतात. हा विचार ज्याने केला त्याच्यासाठी एक स्टार जास्त, म्हणजे एकूण अडीच.

डेस्कटॉप प्रोसेसरवरचं निकेलचा मुलामा दिलेलं तांब्याचं झाकण याबद्दल काय लिहू, सगळे सारखेच, एएमडीने २०२२ मध्ये ७००० सिरीजला कडेने खाचा पाडून मधल्या मोकळ्या जागेत कपॅसिटर दिसू दिले तेवढाच काय तो बदल. बरा दिसतो. पण पेस्ट भरली त्या खाचांमध्ये की पुसताना नाकी नऊ.

आणि आता शून्य स्टारवाले. स्वस्त खेळणी, कॅल्क्युलेटर, साधे मल्टिमीटर उघडले की बोर्डावर एक काळा डांबराचा थेंब दिसतो. तो आयसी आहे! उघडी चिप थेट बोर्डावर चिकटवून, तारा जोडून, वर इपॉक्सी ओतलेलं. नंबर नाही, ठिपका नाही, कंपनी नाही, तारीख नाही, काही नाही. बिघडला तर काय होता हेसुद्धा कळणार नाही. लोक म्हणतात स्वस्त पडतो, पडू दे, रिव्ह्यू दिसण्याचा चाललाय.

दुसऱ्या टोकाला डब्ल्यूएलसीएसपी, म्हणजे बॉडीच नाही, सिलिकॉनचा तुकडा उलटा करून खालच्या गोळ्यांवर थेट बोर्डावर बसवलेला. फोनमध्ये हे भरपूर असतात. वरून आरशासारखी निळसर-करडी चमक, कडा काचेसारख्या तीक्ष्ण, आणि नखाने कोपरा उडू शकतो इतका नाजूक. बॉडी नसेल तर काय होतं याचं मस्त उदाहरण म्हणजे रास्पबेरी पाय २, हे एका छोट्या कॉम्प्युटर बोर्डाचं नाव. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो बाजारात आला आणि लगेच लोकांच्या लक्षात आलं की झेनॉन फ्लॅश मारून त्याचा फोटो काढला की तो बंद पडतोय! पॉवर सप्लायमधला यू१६ हा असाच उघडा आयसी होता, फ्लॅशचा तेवढा झगझगीत उजेड सिलिकॉनपर्यंत पोचला आणि त्याचं डोकं फिरलं. एलईडीच्या फ्लॅशने किंवा साध्या दिव्याने काही होत नव्हतं. त्यावर थोडी पुट्टी लिंपली की प्रकरण मिटलं. वर जी काजळी म्हटली ना, ती कशासाठी ते इथे अगदी सिद्ध झालं. दिसायला साडेतीन, वागायला तुम्हीच ठरवा.

खोट्या आयसीबद्दल थोडं सांगतो कारण दिसण्याचा खरा उपयोग तिथे होतो. जुना किंवा स्वस्त आयसी घासून मूळ नंबर काढायचा, वर काळा लेप द्यायचा आणि नवा महागडा नंबर लिहायचा, हा धंदा जगभर चालतो. ओळखायचं कसं? वरचा पृष्ठभाग आणि बाजूंचा पृष्ठभाग सारखा खरखरीत असतो का बघा, लेप दिला असेल तर वरचा वेगळा दिसतो. एक नंबरचा गोल खड्डा आतून स्वच्छ, गुळगुळीत आणि एकसारख्या खोलीचा असायला हवा, तो अर्धवट भरलेला किंवा उथळ दिसला तर संशय घ्या. एकाच दिशेच्या बारीक ओरखड्यांच्या रेघा म्हणजे सॅंडपेपर. ॲसिटोनचा बोळा फिरवला आणि काळं निघालं तर मग बोलायलाच नको, पण काही लेप ॲसिटोनलाही दाद देत नाहीत. आणि एकाच ट्यूबमधल्या आयसीवर तारीख एकच पण पोटावरचे साच्याचे खुणा-आकडे वेगवेगळ्या जातीचे, हे पण बघत जा, लोक पोट बघतच नाहीत.

आता आतला लूक, म्हणजे डाय, बॉडीच्या आत बसवलेली खरी चिप. सगळ्यात पहिला आयसी, जॅक किल्बीने १९५८ च्या सप्टेंबरमध्ये दाखवलेला, तो दिसायला अगदीच ओबडधोबड होता, साधारण ११ बाय दीड मिलिमीटरची जर्मेनियमची पट्टी, काचेवर चिकटवलेली, आणि तारा इकडून तिकडे लोंबतायत. नंतर फेअरचाइल्डमध्ये सपाट पृष्ठभागावरच सगळं छापायची पद्धत आली आणि चिपला तो नकाशासारखा चेहरा मिळाला. रंग बघून फसू नका, इंद्रधनुष्यी झाक ही रंगाची नसते, पारदर्शक थरांच्या जाडीमुळे आणि मेमरीच्या एकसारख्या रेघांमुळे उजेड फुटतो, आयसी थोडा तिरका केला की हिरव्याचा गुलाबी होतो. ४००४ च्या डायवर तो डिझाइन करणाऱ्या फेदेरिको फॅजिनने स्वतःची एफ. एफ. ही आद्याक्षरं कोरून ठेवलीत, आणि डेक या कॉम्प्युटर कंपनीच्या सीव्हॅक्स प्रोसेसर चिपवर तर नक्कल करणाऱ्यांसाठी मोडक्यातोडक्या रशियन भाषेत टोमणा कोरलेला सापडतो, चोरायचंच असेल तर सर्वोत्तम चोरा अशा अर्थाचा. आजच्या प्रोसेसरमध्ये हे सुख नाही, वर धातूचे दहा-बारा थर, त्यात चिप पालथी बसवलेली, त्यामुळे झाकण उघडलं तरी समोर येते ती नुसती कोरी पाठ. जाहिरातीतले झगमगीत फोटो बरेचदा रंगवलेले असतात.

प्लास्टिक आयसी उघडायला धूर सोडणारं नाइट्रिक ॲसिड तापवतात, ते घरी अजिबात करू नका, फुप्फुसं जातील. त्यापेक्षा खिडकीवाला ईप्रॉम, म्हणजे अतिनील प्रकाशाने पुसता येणारी मेमरी घ्या, २७१६ किंवा २७सी२५६, जुन्या बोर्डांवर अजून सापडतात. सिरॅमिकच्या बॉडीत मधोमध गोल क्वार्ट्झची काच, कारण साध्या काचेतून मेमरी पुसायला लागणारा २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश आत जात नाही. भिंग लावलं की आतला डाय, मेमरीचे दोन मोठे एकसारखे पट्टे, आणि कडेने निघून पायांकडे जाणाऱ्या बारीक तारा, प्रत्येक तार वेगळी मोजता येते. हा आयसी काहीच लपवत नाही. या रिव्ह्यूतला माझा अव्वल नंबर हाच, पाच स्टार आणि वर बोनस. घेताना काचेवर ओरखडे नाहीत ना आणि स्टिकरचा डिंक राहिला नाही ना एवढं बघा, डिंक आयसोप्रोपिलने निघतो. पण तो अजून एखाद्या मशीनमध्ये चालू असेल तर स्टिकर काढून बघून झालं की परत लावा, थेट उन्हात आठवडाभरात त्यातला प्रोग्रॅम पुसला जाऊ शकतो, आणि ट्यूबलाइटखाली उघडा ठेवला तर साधारण तीन वर्षांत.